न्यूझीलंडचा साउथ आयलंड स्वतः गाडी चालवत, आणि तेही खिसा सांभाळून

न्यूझीलंड म्हटलं की लोक आधी तिकिटाचा आकडा बघतात आणि गप्प बसतात. तिकीट महाग आहेच, त्यात काही करता येत नाही, जगाच्या टोकाला जायचंय. पण तिकीट सोडून जो खर्च होतो ना, तो बराचसा घरी नकाशा आणि कॅलेंडर समोर ठेवून बसता तेव्हाच ठरून जातो, तिथे पोचल्यावर कॉफी नको, आईस्क्रीम नको करून फार काही वाचत नाही. म्हणजे कधी जायचं, किती किलोमीटर फिरायचं आणि किती वेळा मुक्काम हलवायचा, या तीन गोष्टी नीट बसवल्या की बाकीचं आपोआप आवाक्यात येतं.

न्यूझीलंडच का, तर गाडी आपल्यासारखीच डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे, पाट्या इंग्रजीत आणि गर्दी नाही. पहिल्यांदा परदेशात गाडी हातात घेणाऱ्याला याहून सोपा देश मला तरी सुचत नाही. युरोपात उजवीकडून चालवायची सवय होईपर्यंत निम्मी ट्रिप संपते.

आधी कॅलेंडर. डिसेंबर ते फेब्रुवारी म्हणजे त्यांचा उन्हाळा, शाळांच्या सुट्ट्या, त्यामुळे गाडी आणि खोल्या दोन्हींचे दर बघवत नाहीत. जून ते ऑगस्ट बर्फ, टायरला चेन लावायची तयारी पाहिजे, नवख्याने नको. मग उरतात मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि इथे आपलं नशीब चांगलं आहे कारण दिवाळीची सुट्टी बरोबर त्यात बसते. दिवस मोठा मिळतो, नोव्हेंबरात रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, डोंगरांवर बर्फ अजून शिल्लक असतो आणि महिना सरता सरता टेकापोच्या आजूबाजूला लुपिनची जांभळी-गुलाबी फुलं यायला लागतात. फक्त ऑक्टोबरचा चौथा सोमवार म्हणजे त्यांचा लेबर डे, तो लाँग वीकेंड टाळा किंवा त्या रात्रींचं बुकिंग सगळ्यात आधी करा. एप्रिलमध्ये ॲरोटाउन-वानाकाची पिवळीधमक झाडं मिळतात, पण मुलांच्या परीक्षा असतात, ज्यांच्याकडे मुलं नाहीत त्यांनी बघावं.

आता नकाशा. नॉर्थ आणि साउथ दोन्ही बेटं एका सुट्टीत कोंबू नका. मध्ये फेरी आहे वेलिंग्टन ते पिक्टन, साडेतीन तासांची, सुंदर आहे, पण गाडीसकट तिचं तिकीट, एक अख्खा दिवस, आणि ऑकलंडपासून खाली येण्याचं पेट्रोल असं सगळं धरलं की त्या पैशात साउथमध्ये तीन-चार दिवस आरामात राहता येतं. क्राइस्टचर्चला उतरायचं, तिथेच गाडी घ्यायची आणि तिथेच परत करायची. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडली की बहुतेक कंपन्या वन-वे फी लावतात, आणि साउथ आयलंडचा रस्ता तसाही गोल फिरून येतो त्यामुळे त्याच रस्त्याने परत यावं लागत नाही.

बारा रात्रींचा एक हिशोब सांगतो, यात कमी-जास्त करा. पहिली रात्र क्राइस्टचर्चमध्येच. मुंबईहून प्रवास करून, साडेसात तास पुढच्या घड्याळात उतरून लगेच तीन तास गाडी चालवायची हौस कशाला? दुसऱ्या दिवशी टेकापोमार्गे ट्वायझेल, तिथे दोन रात्री. टेकापो गाव देखणं आहे, तळ्याकाठचं 1935 चं दगडी चर्च, 2012 पासून तो सगळा भाग डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्री अंधार जपलेला, पण खोल्या त्याच मानाने महाग. ट्वायझेल तिथून पाऊण तासावर, साधं गाव आहे, दर बरे आणि माउंट कुकही तिथून पाऊण तासाच्या आसपासच. आणि आकाश काही गावाची हद्द बघत नाही, ट्वायझेलच्या बाहेर अंधारात उभं राहिलात तरी तेच तारे दिसतात.

तिथून लिंडिस पास, क्रॉमवेल, क्वीन्सटाउन करत टे आनाऊ, हा लांबचा दिवस आहे, साडेतीनशेच्या वर किलोमीटर, सकाळी लवकर निघा. टे आनाऊला तीन रात्री, मिलफर्ड साउंडसाठी, ते पुढे सांगतो. मग क्राउन रेंजच्या घाटातून वानाका दोन रात्री, हास्ट पास ओलांडून वेस्ट कोस्टला फॉक्स किंवा फ्रान्झ जोसेफ या हिमनद्यांजवळच्या गावात दोन रात्री, हॉकिटिकाला एक आणि आर्थर्स पासवरून परत क्राइस्टचर्च, तिथे शेवटची रात्र. सगळं मिळून दोन हजार किलोमीटरच्या आत बसतं. हॉकिटिकाची रात्र लोक कापतात आणि फ्रान्झ जोसेफहून थेट क्राइस्टचर्च गाठतात, जमतं, पण मग आर्थर्स पासवर कुठेही थांबता येत नाही आणि कासल हिलचे ते प्रचंड चुनखडीचे दगड खिडकीतूनच बघावे लागतात. फुकटात मिळणाऱ्या गोष्टी पळत बघण्यात काय अर्थ आहे.

क्वीन्सटाउन मी मुद्दाम वगळलंय. दुपार घालवा, तळ्याकाठी बसा आणि पुढे निघा. राहायला महाग, पार्किंग महाग, आणि जे काही करायचं असतं तिथे, बंजी, जेट बोट, स्कायडायव्ह, त्या प्रत्येकाला घसघशीत पैसे लागतात. ज्यांना बंजी करायचीच आहे त्यांनी करावी, पण मग बजेट ट्रिप म्हणू नका.

गूगल मॅप जो वेळ दाखवतो त्यात किमान चौथाई वाढवा. हायवेची मर्यादा 100 आहे पण बहुतेक रस्ते दोनच लेनचे, वळणांचे, मध्ये मेंढ्या, मध्ये कॅम्परव्हॅन, आणि दर दहा किलोमीटरला गाडीतलं कोणीतरी थांब थांब म्हणून ओरडणार. दिवसाला तीन-चार तासांच्या वर ड्रायव्हिंग नको, ते टे आनाऊचं एक सोडून.

व्हिसा. ऑनलाइन अर्ज, ऑक्टोबर 2024 ला फी वाढून 341 न्यूझीलंड डॉलर झाली, त्यावर 100 डॉलरची पर्यटक लेव्ही वेगळी, म्हणजे एकूण 441. डॉलर 50 रुपयाला धरला तर माणशी बावीस हजार. बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, रजा मंजुरीचं पत्र, परतीचं तिकीट किंवा ते काढायची ऐपत दाखवणारे पैसे. महिन्याला माणशी 1,000 डॉलर खात्यात दिसले पाहिजेत, राहण्याचं आधीच भरलं असेल तर 400 पुरतात. कागद मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर जोडा. नॉन-रिफंडेबल काहीही व्हिसा हातात येण्याआधी बुक करू नका. खोल्या फ्री कॅन्सलेशनवाल्याच घ्या, गाडीसुद्धा.

भारतातून थेट विमान नाही. सिंगापूरमार्गे सोपं पडतं, क्राइस्टचर्चला थेट कनेक्शन मिळतं आणि नुसतं विमान बदलायला व्हिसा लागत नाही. ऑस्ट्रेलियामार्गे तिकीट कधीकधी स्वस्त दिसतं, पण भारतीय पासपोर्टला तिथे नुसत्या ट्रान्झिटसाठीही व्हिसा लागतो, फुकट मिळतो पण अर्ज करावा लागतो, ते विसरून विमानतळावरच अडकलेले लोक आहेत.

लायसन्स. आपलं स्मार्ट कार्ड इंग्रजीत असतं त्यामुळे तिथे तेच चालतं. ओरिजिनल कार्ड जवळ पाहिजे, डिजीलॉकर दाखवून भागणार नाही. जुनं पुस्तकवालं लायसन्स असेल तर निघायच्या दोन-तीन महिने आधी आरटीओतून स्मार्ट कार्ड करून घ्या. इंटरनॅशनल परमिट कायद्याने गरजेचं नाही, पण काही रेंटलवाले विचारतात, हजार रुपयात वर्षभरासाठी मिळतं, काढून ठेवलं तर बिघडत नाही.

गाडी बुक करताना दराच्या खाली काय लिहिलंय ते वाचा, खरी गंमत तिथे आहे. दिवसाचा दर 60-70 डॉलर दिसतो, पण इन्शुरन्सचा एक्सेस असतो, म्हणजे गाडीला काही झालं तर पहिले तीन-चार-पाच हजार डॉलर तुमचे. तो शून्यावर आणायला कंपनी दिवसाला वीस-तीस डॉलर मागते. बाहेरच्या विमा कंपनीची एक्सेस पॉलिसी स्वस्त पडते, पण मग रेंटलवाले तुमच्या क्रेडिट कार्डावर पूर्ण एक्सेसची रक्कम होल्ड करून ठेवतात आणि काही झालंच तर आधी तुम्ही भरायचं, मग विमा कंपनीकडे मागत बसायचं. चार हजार डॉलर म्हणजे दोन लाख रुपये, तेवढी लिमिट कार्डावर मोकळी आहे का ते बघा. कार्ड क्रेडिटच पाहिजे आणि जो मुख्य ड्रायव्हर त्याच्याच नावाचं, डेबिट कार्ड पुढे केलं की बऱ्याच काउंटरवर मान हलते. पहिल्या खेपेला मी म्हणेन कंपनीचंच पूर्ण कव्हर घ्या, खडीचे रस्ते आहेत, काचेला दगड लागतात, सुट्टीभर डोक्याला ताप नको. कव्हर घेतलं तरी काही रस्ते त्यात येत नाहीत, क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड तर जवळजवळ सगळ्यांच्या यादीत असतो. ती यादी मागून घ्या.

अजून एक छुपी गोष्ट, डिझेल. पंपावर डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त दिसतं म्हणून डिझेल एसयूव्ही घ्यावीशी वाटते, पण तिथे डिझेलवरचा रस्ताकर पंपावर न घेता किलोमीटरवर घेतात, दर हजार किलोमीटरला 76 डॉलर, आणि रेंटलवाले तो शेवटी बिलात लावतात. एप्रिल 2024 पासून इलेक्ट्रिक गाड्यांनाही तो आहे. दोघांसाठी छोटी पेट्रोल ऑटोमॅटिक पुरते. जमलं तर कोरोलासारखी हायब्रिड घ्या, दोन हजार किलोमीटरला फरक जाणवतो. पेट्रोल लिटरला अडीच ते तीन डॉलर धरा आणि गॅस्पी नावाचं ॲप टाका, जवळच्या पंपांचे भाव दाखवतं. टाकी मोठ्या गावात भरायची, ट्वायझेल, टे आनाऊ, वानाका. वेस्ट कोस्टला हास्ट सोडलं की फॉक्सपर्यंत सव्वाशे किलोमीटर पंपाच्या भरवशावर राहू नका. साउथ आयलंडला टोल मात्र एकही नाही.

कॅम्परव्हॅनचं विचारतात सगळे. फोटोत छान दिसते. भाडं जास्त, पेट्रोल नाहीतर डिझेल जास्त पिते, आणि कुठेही उभी करून झोपा ही कल्पना आता जुनी झाली. फ्रीडम कॅम्पिंगला गाडीत पक्कं बसवलेलं टॉयलेट आणि तसं सर्टिफिकेट लागतं, चुकीच्या जागी झोपलात तर दंड 400 डॉलरपासून सुरू. साध्या गाडीत सीट पाडून झोपायचं तर विसराच. दोघांना छोटी गाडी आणि केबिन हेच बहुतेक वेळा स्वस्त किंवा बरोबरीचं पडतं, वर रात्री गरम अंघोळ. हां, रिलोकेशनचा प्रकार मात्र मस्त आहे, कंपन्यांना क्वीन्सटाउन-क्राइस्टचर्चला साठलेल्या व्हॅन परत ऑकलंडला न्यायच्या असतात म्हणून दिवसाला एक डॉलरला देतात, कधी फेरीचं तिकीटही देतात. पण तारीख त्यांची, दिवस मोजके. सुट्टी मर्यादित असलेल्या माणसाच्या कामाचं नाही, मुलगा-मुलगी तिथे शिकायला असेल तर त्याला सांगा.

राहायला हॉटेल हा शब्द सर्चमध्ये टाकूच नका. हॉलिडे पार्क शोधा आणि मोटेल. हॉलिडे पार्कमध्ये केबिन मिळतात, स्वच्छ कॉमन किचन, भांडी, फ्रिज, वॉशिंग मशीन. मोटेलच्या स्टुडिओ युनिटमध्ये खोलीतच गॅस किंवा इंडक्शन आणि सिंक असतं. रात्रीला 100 ते 150 डॉलर धरा, कॉमन बाथरूमची केबिन त्याहून खाली. सलग दोन-तीन रात्री एका ठिकाणी काढल्या की स्वयंपाक करता येतो, कपडे धुता येतात, आणि सामान कमी न्यावं लागतं, म्हणून मुक्काम कमी हलवा म्हणत होतो.

स्वयंपाकावरच सगळ्यात जास्त वाचतं. दोन माणसांचं साधं जेवण बाहेर 50-60 डॉलरच्या खाली होत नाही, तेवढ्यात सुपरमार्केटचं दोघांचं दोन-तीन दिवसांचं सामान येतं. पिवळ्या पाटीचं पॅक एन सेव्ह सगळ्यात स्वस्त, क्राइस्टचर्चमध्ये आणि क्वीन्सटाउनजवळ फ्रँकटनला आहे, तिथे तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, अंडी, ब्रेड भरून घ्या, पुढे छोट्या गावात तेच महाग मिळतं. दुपारी गावच्या बेकरीतली पाय, म्हणजे आतमध्ये खिमा-चीज (खिमा बहुतेक बीफचा) नाहीतर भाजी भरलेली, ती खा, पोट भरतं. नळाचं पाणी पितात, टिप देत नाहीत.

घरून काय न्यावं यावर घराघरात वाद होतात. न्यूझीलंडचे बायोसिक्युरिटीवाले कडक आहेत, आणि हे मस्करीत घेऊ नका. मध, तूप, पेढे, ताजी फळं, कढीपत्ता, पेरता येतील अशा बिया यातलं काही बॅगेत टाकू नका. कंपनीच्या सीलबंद पाकिटातले मसाले, उपम्याची-पोह्याची रेडी पाकिटं, लोणचं वगैरे नेतात लोक, पण जे काही खाण्याचं आहे ते सगळं डिक्लेअर करा. डिक्लेअर केलेलं नाही पटलं तर ते फेकून देतात, तेवढंच. लपवलेलं सापडलं तर जागच्या जागी 400 डॉलर. आईने सगळ्यांच्या नकळत कोपऱ्यात सरकवलेला डबासुद्धा त्यात आला, निघायच्या रात्री बॅग पुन्हा उघडून बघा. ट्रेकचे बूट घासून न्या, मातीही चालत नाही. हे डिक्लेरेशन निघण्याआधी ऑनलाइन भरता येतं, सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

रस्त्यावरचे नियम आपल्याला माहीत असतात, पाळायची सवय नसते, तिथे पाळावे लागतात. स्टॉप लिहिलंय तिथे चाक पूर्ण थांबलं पाहिजे, रस्ता रिकामा असला तरी. सर्कलला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. सिग्नल लाल असताना डावीकडे वळायचं नाही. समोरच्याने लाइट मारला तर तो बहुतेक तू जा म्हणतोय, आपल्याकडे नेमकं उलटं. हॉर्न म्हणजे शिवी. एकेरी पूल खूप आहेत, निळ्या पाटीवर मोठा पांढरा बाण तुमच्या बाजूचा असेल तर तुम्ही आधी, लाल कडेच्या गोल पाटीवर तुमचा बाण छोटा आणि लाल असेल तर थांबा. वळणाआधी पिवळ्या पाटीवर 35, 45 असे आकडे लिहिलेले असतात, ते अगदी खरे असतात. मागे दोन-तीन गाड्या साठल्या तर कडेच्या स्लो व्हेइकल बेमध्ये शिरून त्यांना जाऊ द्या, लोक हात करतात. थांबलेल्या स्कूल बसजवळून 20 ने जायचं. सात वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची. फोन हातात घेतला तर 150 डॉलर.

मिलफर्ड साउंड, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची खाडी, बोटीतून बघायची. क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन यायला पावणेसहाशे किलोमीटर होतात, बसवाले तेच करतात, म्हणूनच दुपारच्या बोटी गच्च आणि महाग. तुम्ही टे आनाऊला असाल तर 118 किलोमीटर आहे, दोन तास, सकाळची पहिली नाहीतर संध्याकाळची बोट घ्या, स्वस्त आणि मोकळी. तीन रात्री टे आनाऊला ठेवायचं कारण हेच, एक दिवस हवा फिरली तरी दुसरा हातात असतो. नुसता पाऊस असेल तर मात्र जाच, तिथे वर्षाला सहा मीटरच्या वर पाऊस पडतो आणि पावसातच कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात, ताम्हिणीत जुलैत जे दिसतं तेच, फक्त कडे सरळ समुद्रात उतरलेले. वाटेत होमर टनेल, 1.2 किलोमीटर, 1954 ला सुरू झालेला, आत अजून उघडा कातळ. टनेलपाशी केआ नावाचे हिरवे पोपट गाडीवर येऊन बसतात आणि खिडकीचं रबर, वायपर कुरतडतात, खायला घालू नका आणि गाडी सोडून लांब जाऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरातही तिथे हिमकडे कोसळण्याच्या भीतीने रस्ता बंद ठेवतात, आदल्या रात्री आणि सकाळी सरकारी जर्नी प्लॅनरवर बघूनच निघा. रेंज जवळजवळ नसते, नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. मिलफर्डच्या मुख्य पार्किंगला तासावर पैसे लागतात. आणि सँडफ्लाय, डासापेक्षा वाईट चावतात, रिपेलंट तिथलंच घ्या.

बाकी चालण्याच्या वाटा सगळ्या फुकट. सरकारचं डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशन, तिथे सगळे डॉक म्हणतात, त्यांच्या साइटवर कुठली वाट उघडी-बंद ते रोज असतं. माउंट कुकला केआ पॉइंट, मिलफर्डच्या वाटेवर की समिट, फॉक्सजवळ लेक मॅथेसन सकाळी वारा सुटायच्या आत. वानाकाची प्रसिद्ध रॉइज पीक मेंढ्यांच्या विणीसाठी 1 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर बंद असते, दिवाळी लवकर असेल तर तिच्या भरवशावर जाऊ नका.

दोघांचा ढोबळ हिशोब मांडतो, डॉलरमध्ये. बारा दिवस गाडी 840, कव्हर 300, पेट्रोल 360, खोल्या 1,560, खाणं 600, मिलफर्डची बोट आणि अजून एखादी चैन 300. झाले 3,960, म्हणजे दोन लाखाच्या आत. त्यावर दोघांचा व्हिसा 44 हजार आणि तिकिटं साधारण दोन लाख. चौघं गेलात तर गाडी-पेट्रोलचं माणशी निम्मं होतं, अठरा-एकोणीस हजार तिथेच वाचतात, पण चार मोठ्या बॅगा छोट्या गाडीत मावत नाहीत, एक साइज वरची घ्यावी लागेल किंवा मऊ बॅगा न्या. कार्डाचं बघा, साध्या क्रेडिट कार्डाला साडेतीन टक्क्यांपर्यंत फॉरेक्स मार्कअप लागतो, झिरो मार्कअपवालं काढून घ्या, होल्डसाठीही तेच वापरा.

गाडी घेताना चारही बाजूंचा, काचेचा, टायरचा व्हिडिओ काढा, आणि परत देतानाही. परत देण्याआधी टाकी विमानतळाजवळच्या पंपावर फुल्ल करून पावती फोटोत ठेवा, नाहीतर रेंटलवाले त्यांच्या भावाने भरतात. स्पीडचा किंवा पार्किंगचा दंड घरी पोचल्यावरही कार्डावर येऊ शकतो, वर कंपनीची ॲडमिन फी, त्यामुळे ते कार्ड दोन-तीन महिने तरी बंद करू नका आणि स्टेटमेंट बघत राहा.